प्रतिसाद: वजनकाट्यावर न दिसणारं कुपोषण

वर एका ताईंनी लिहिलंय की कुपोषण झोपडपट्टीत आणि लठ्ठपणा टॉवरमध्ये. मला हे अर्धंच पटतं. नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, कधी कधी एकाच घरात.

आई सकाळी सातला वाशी-सानपाड्याच्या घरकामाला जाते, धाकटा थोरल्या बहिणीकडे. दुपारी भूक लागली की पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट. त्याच पाच रुपयांत अंडंही येत नाही, आणि पाकीट शिजवावं लागत नाही. आईला दोष देणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडून बघावा. अशा मुलाचं पोट भरतं, वजनही वाढतं, उंची मात्र अडकते. नुसत्या वजनाच्या नोंदीवर ते 'ठीक' ठरतं. म्हणून वजनासोबत उंची दर वेळी नीट मोजली गेलीच पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे (२०१९-२१) आकडे तेच सांगतात: महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांच्या आसपास मुलं खुरटलेली (वयाच्या मानाने उंची कमी), आणि जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीपेक्षा दुपटीने वाढलेलं. म्हणजे जुनं संकट गेलं नाही, नवं वर चढलं.

टॉवरमधल्या मुलाला निदान डॉक्टर, मैदान आणि फळं परवडतात. इथल्या मुलाचं वजन वाढलं तर लोक 'बाळसं धरलंय' म्हणून खूश होतात.

आई कामावरून येईपर्यंत चालणारी, शिजवलेलं जेवण देणारी पाळणाघरं हवीत. दिघा-ऐरोलीत अशी कुठे चालत असतील तर कृपया इथे लिहा.