मदत हवी आहे: तानपुरा रेकॉर्ड करायला कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा? (मिरज)

नमस्कार मंडळी,

मिरजेत आमचा तंतुवाद्यांचा छोटा कारखाना आहे. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबून चौकशी येते. गिऱ्हाईक म्हणतं, आधी आवाज ऐकवा. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो आणि दर वेळी तेच होतं. पहिले दोन-तीन सेकंद तानपुरा भरून येतो, मग मागे मागे सरतो, शेवटी बोटांची टकटक तेवढी उरते. फोन सलग आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबतो, आणि तानपुरा तर सलगच वाजायचा! त्यात काळी एक पट्टीचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, जेमतेम ६९ हर्ट्झचा, तो फोनच्या स्पीकरमधून कुठला ऐकू यायला.

परवा एका गायकांनी "जवारी बंद वाटते" म्हणून वाद्य नाकारलं. जवारी म्हणजे घोडीवर घासून तारेला येणारी गुंजती झंकार. त्याच्या घोडीवर अब्बा दीड दिवस कानस घेऊन बसले होते. तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत चारही तारा बोलत्या केल्या होत्या. फार जिव्हारी लागलं.

म्हणून आता नीट रेकॉर्डिंग करायचंय. विंडोज १० चा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. कंडेन्सर माइक घेतला. दुकानदाराने एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या जोडाची) हेडफोन पिन करणारी वायर दिली, "थेट लावा, चालेल" म्हणाला. आवाजच नाही. मागून कळलं की याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागते. ती लॅपटॉप देत नाही, माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायची पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, देतो.

स्कारलेट सोलो घेऊ की बेहरिंगरचा यूएमसी २०२ एचडी? आणि दुसरं, मित्राचा इंटरफेस आणून लावला तर खाली बारीक गुणगुण येते. तंबोऱ्याच्या आवाजात गुणगुण म्हणजे सगळंच गेलं. कशाने जाईल?

प्रतिसाद (सांगलीहून):
दादा, सोलोला माइकचं एकच तोंड आहे, २०२ ला दोन. आज एकच माइक असला तरी दोनवाला घ्या. पुढे एक माइक घोडीसमोर आणि एक भोपळ्याकडे ठेवून पाहता येईल. त्याच कंपनीचा यूएमसी २२ कुणी सुचवला तर नको, तो १६ बिटवर थांबतो (बिट जास्त, तितका बारीक आवाज स्वच्छ नोंदवला जातो). तानपुरा हळू आवाजाचं वाद्य, २४ बिट असलं की गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणं, बेताचा ठेवता येतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

लॅपटॉपमध्ये कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याची, चिंता तुम्हाला नाही, कारण ऐकत ऐकत वर काही भरायचं नाहीये. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ नमुन्यांचा ठेवा, ४८ किलोहर्ट्झला ते जेमतेम ११ मिलिसेकंद होतात. बफर फार लहान केलात तर मध्येच तडतड होईल. माइक आधी जोडा, ४८ व्होल्टचं बटण मग दाबा, तेव्हा हेडफोनचा आवाज खाली असू द्या.

गुणगुणीसाठी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. थांबली तर वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. कुणी तिसरी पिन कापा म्हणालं तरी कापू नका, जिवाशी खेळ आहे.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. चार्जर काढला, गुणगुण बंद! वायरमन सोमवारी येतोय, २०२ ची ऑर्डर टाकली. तोवर मित्राच्याच इंटरफेसवर, माइक घोडीपासून दीड फुटावर ठेवून पाच मिनिटं घेतली. खर्ज शेवटपर्यंत जागचा हलला नाही. अब्बांनी हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तिसरी तार जरा कोरडी आहे." उठले, सूत सरकवलं, म्हणाले, "आता परत घे."