तलावांच्या पाळींवरून चालताना : तुमचे अनुभव लिहा

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, तोवर सगळा मिळून एकच भंडारा जिल्हा होता. बाहेरून येणारे बहुतेक लोक नागझिऱ्याच्या सफारीला येतात, जिप्सीत बसतात आणि परत जातात. या भागात पायी चालण्यासारखं किती आहे, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

पायी भटकायचं म्हटलं की आपल्याला सह्याद्रीतले गड आठवतात. इथे चढ नाही. इथली वाट म्हणजे तलावाची पाळ, पाणी अडवणारा बांध. मातीची, बऱ्यापैकी सपाट, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. कुणी पर्यटकांसाठी म्हणून बांधलेली नाही. गावातली माणसं शेतावर जातात, गुरं जातात, पोरं शाळेत जातात ती हीच वाट. म्हणूनच ती रोज तुडवली जाते आणि मोकळी राहते. गुडघे दुखणाऱ्यांना, लहान मुलांना, बऱ्याच वर्षांनी पुन्हा चालायला लागलेल्यांना याहून चांगली वाट मला माहीत नाही.

तर लिहा: कुठल्या पाळीवर गेलात, कोणत्या महिन्यात, सोबत कोण होतं, काय दिसलं, काय सांभाळावं. किलोमीटर माहीत नसतील तर चालायला किती वेळ लागला ते सांगा. फक्त पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा लिहू नका.

सुरुवात मी करते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात तिला नवेगावबांधला नेलं. टेकड्यांमधली वाट अडवून केलेला हा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि लोक त्यांना कोलासूर म्हणून देव मानतात. आईला ही गोष्ट पाळीवर भेटलेल्या एका आजोबांनी सांगितली. ते सांगत होते आणि ती त्यांच्यासोबत चालत होती. गोष्ट संपेपर्यंत ती किती पुढे आली हे तिचं तिलाही कळलं नाही. मध्ये बसायला झाडांची सावली होती, दूर पाण्यावर बदकांचे थवे होते. परतताना ती म्हणाली, "उद्या पुन्हा येऊ." ऑपरेशननंतर चालण्याबद्दल तिने स्वतःहून काही म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

तिथे राष्ट्रीय उद्यानाची हद्द जवळ आहे. कुठवर पायी जाऊ देतात ते नाक्यावर विचारूनच पुढे जावं.

~

लाखनी तालुक्यातून

माझ्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक गावाला लागू आहे. आमच्याकडे गाव तिथे तलाव, आणि मोठा तलाव नसेल तर निदान बोडी, म्हणजे लहान तळं, तरी असतेच. पूर्वी हे तलाव मालगुजारांचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे होते. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव झाले आणि बोलताना मामा तलाव.

नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की तलावाला पूर्ण चक्कर मारायचा हट्ट धरू नका. पाळ एकाच बाजूला असते. बाकीच्या बाजूंनी जमीन आपसूक चढत जाते आणि तिकडूनच जंगलातलं पाणी येतं, त्याला आम्ही येवा म्हणतो. तिकडे चिखल असतो, झुडूप असतं, वाट नसते. पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. जाताना पाणी डाव्या हाताला असेल तर येताना उजव्या, आणि तेवढ्यात उन्हाची दिशाही बदललेली असते.

पाळीच्या एका टोकाला बहुधा सलंग असतो, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर पडायची जागा. ते पाणी पुष्कळदा खालच्या तलावात जातं, तिथलं त्याच्याही खालच्या तलावात. हिवाळ्यात सलंग कोरडा असतो, सहज ओलांडता येतो. पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं दिसलं तरी पाय घालू नका. शेवाळ असतं आणि धार ओढते.

पाण्याच्या गेटला हात लावू नका. कुणाच्या बांधीत किती पाणी जायचं हे ठरलेलं असतं, त्यावर घरंच्या घरं अवलंबून असतात. बायका धुण्याला बसल्या असतील तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. आणि कुणी "कोनाकडचे पावणे जी?" असं विचारलं तर थांबून नीट उत्तर द्या. तो संशय नसतो. त्यानंतर चहा येतो.

~

गोंदियाहून, पक्षी बघणारा

महाराष्ट्रात सारस बघायचा तर तो आमच्याकडे. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच, माणसाच्या खांद्याला येईल एवढा. उरलेत मात्र थोडेच. जोडीने राहतात, आणि दोघं मिळून साद घालतात तेव्हा पाळीवर चालणारा माणूस जागच्या जागी उभा राहतो.

परसवाडा आणि झिलमिली हे तलाव हिवाळ्यात सकाळी चालायला छान. तलवार बदक, लालसरी, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर लहान मुलांनाही दुर्बिणीशिवाय दिसतात. माझ्या भाचीने त्यांची नावं तिथेच पाठ केली.

सारसाचं एक सांगायलाच हवं. तो पावसाळ्यात घरटं करतो, आणि पुष्कळदा उभ्या धानातच. घरट्याभोवतीचं पीक न कापता सोडून देणारे शेतकरी मी बघितलेत. त्यांचा तोटा होतो, तरी सोडतात. विजेच्या तारांना धडकून आणि शेतातल्या विषारी फवाऱ्यांनी सारस मरतात, अशा वेळी ही माणसं आहेत म्हणून तो टिकून आहे. म्हणून पाळीवरून उतरून बांधीत शिरू नका, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी. पाळीवरून जेवढा दिसतो तेवढा पुरे.

~

इटियाडोहला गेलेली

गाढवी नदीवरचं हे धरण मामा तलाव नव्हे, पण जवळच प्रतापगड आहे (साताऱ्याचा नव्हे, इथला) आणि धरणाच्या पायथ्याच्या भागात १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी लोकांची वसाहत. धानाच्या शेतांमधून चालताना अचानक रंगीत पताका दिसतात. रस्ता सपाट आणि रहदारी कमी. आम्ही सगळ्या बहिणी होतो, अर्धा दिवस रमतगमत गेला. टोप्या न्या, सावली सलग नाही.

~

अर्जुनी-मोरगाव भागातून, जंगलालगतच्या गावातून

सगळं गोड लिहिलंय, आणि खरंही आहे. तरी हे वाचून जंगलाकडच्या पाळीवर कुणी एकटं जाऊ नये म्हणून लिहिते.

नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. या दोन जंगलांच्या मध्ये आमची गावं आहेत. वाघ, बिबट, अस्वल इकडून तिकडे जातात ते आमच्याच शेतांतून आणि तलावांवरून, पाणी प्यायला थांबत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. आम्ही पहाटे अंधारात वेचायला जातो, आणि अस्वलालाही मोह आवडतो. वाकून फुलं वेचणाऱ्या माणसावर हल्ला झाल्याचं आमच्या भागात प्रत्येकाने ऐकलेलं आहे.

तेव्हा हिवाळ्यात या. ऊन वर आल्यावर निघा, दिवस कलायच्या आत गावात परता. कानात गाणी लावून चालू नका. गावातल्या एखाद्या माणसाला सोबत घ्या आणि त्याचा दिवस मोडतो त्याचे पैसे द्या. त्याने "इथून पुढे नको" म्हटलं की तिथेच वळा, कारण विचारत बसू नका. काल संध्याकाळी तिकडे काय दिसलं ते त्याला माहीत असतं. पाळ जिथे जंगलाला टेकते तिथे आमचंही चालणं थांबतं.

~

ढीवराची मुलगी

आम्ही ढीवर, मासेमारी करणारे. आमचं घर तलावावर चालतं, म्हणून पाळीवरून काय बघावं ते मी सांगते. पाणी बघा. नुसतं स्वच्छ निळं पाणी म्हणजे चांगला तलाव, असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्यासाठी चांगला तलाव म्हणजे कडेला देवधान, गाद, पोवन, कमळ अशा पाणवनस्पती असलेला. मासा त्यात अंडी घालतो, पिल्लं त्यात लपतात, पक्षी त्यातच खातात. मरळ, वाघूर, शिंगी हे आमचे जुने मासे अशाच पाण्यात वाढतात.

पाळीवर आणि काठाला जांभळट फुलांची बेशरम नावाची झुडपं दाट माजलेली दिसली, तर तो तलाव आजारी आहे असं समजा. फुलं सुंदर दिसतात, फोटो सगळे त्याचेच काढतात. पण ती आत सरकत जाते आणि बाकी काही उगवू देत नाही. अर्जुनी-मोरगाव भागात आमच्या समाजातल्या बायांनी चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटली आणि चांगल्या तलावांतून आणून पाणवनस्पती लावल्या. नंतर तिथे मासे वाढले, पक्षीही आले. माझी मावशी त्यात होती. तुम्ही ज्या पाळीवरून पक्षी बघता तिच्या पायथ्याशी तिने कमरेएवढ्या पाण्यात काम केलंय, हे मला इथे लिहायचं होतं.

जाळी वाळत घातलेली असतील तर त्यावरून चालू नका.

~

पवनीचा जावई

गावातल्या गावात चालायचं असेल तर पवनी. बालसमुद्र तलाव, जुन्या किल्ल्याची तटबंदी, वैनगंगेचे घाट, सगळं एका सकाळीत. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला होता. घाटाच्या पायऱ्या जपून उतरा.

~

पुण्याहून एक प्रश्न

आमची आजी साकोलीकडची. वय पंचाहत्तरच्या पुढे, काठी घेऊन चालते. तिला एकदा माहेरच्या बाजूचा तलाव बघायचाय. कधी आणावं?

~

धागा काढणारी

दिवाळीनंतर आणा. तेव्हा गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडार (इकडचं लोकनाट्य) आणि नाटकं असतात, तिच्या ओळखीचं कुणी ना कुणी भेटेलच. धान कापून झालेला असतो आणि पाळ कोरडी असते. थोडं थांबून डिसेंबर-जानेवारीत आलात तर बांध्यांमध्ये लाखोरी (लाखेच्या डाळीचं पीक) निळ्या फुलांवर असेल. सकाळी गारठा असतो, तिला नऊनंतर बाहेर काढा. मुंबई-कोलकाता महामार्ग साकोलीवरूनच जातो, त्यामुळे गाडी गावापर्यंत नेता येईल. पाळीवर चढायचा उतार कुठे कमी आहे ते गावात आधी विचारा; बैलगाडी जिथून चढते तो भाग काठीवाल्यांसाठी सोपा. एक घडीची खुर्ची सोबत ठेवा. आणि तिच्या गावाचं नाव कळवलंत तर तिथली पाळ सध्या कशी आहे हे इथलं कुणीतरी नक्की सांगेल.