फ्रेंच राज्यक्रांतीतला घटस्फोट: फायदा कोणाचा झाला?

रानजाई:
२० सप्टेंबर १७९२ ला फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. त्याच दिवशी प्रशियाच्या फौजेशी वाल्मीची लढाई, राजा कैदेत. अशा धामधुमीत नवराबायकोचा प्रश्न का काढला असेल? आणि फायदा कोणाचा झाला?

केशर:
१७९१ च्या राज्यघटनेनं लग्न हा निव्वळ नागरी करार ठरवला, तिथेच अर्धं काम झालं होतं. करार म्हटला की मोडताही आला पाहिजे. त्याआधी फार तर वेगळं राहता येई, दुसरं लग्न नाही.

मारहाण, वेड, दोन वर्षं टाकून जाणं, पाच वर्षं ठावठिकाणा नसणं, ही कारणं होतीच. पण नुसतं ‘स्वभाव जुळत नाहीत’ एवढंही चालायचं, आणि ते बायकोलाही म्हणता येई! मला यातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं.

मात्र स्वभावाचं कारण दिलं की नातेवाईक आणि मित्रांच्या तीन बैठका. पहिली महिन्यानं, दुसरी त्यानंतर दोन महिन्यांनी, तिसरी आणखी तीन महिन्यांनी. एकूण सहा महिने. मी परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज दिला तेव्हा मलाही सहाच महिने थांबायला लावलं. आई डबा घेऊन बाकावर शेजारी बसायची. समुपदेशक बाई दरवेळी म्हणायच्या, “अजून विचार करा.” मी म्हणायचे, “विचार करूनच आलेय.” काका-मामांसमोर तीनदा हेच सांगणारी ती फ्रेंच बाई मला अगदी डोळ्यासमोर दिसते.

मुसाफिर:
पण देश सोडून पळालेल्या उमरावांच्या बायकांनी मालमत्ता जप्तीतून वाचवायला कागदोपत्री घटस्फोट घेतलेच की.

केशर:
घेतले, खरं आहे. देशांतर हे कायद्यातच कारण होतं. पण तेवढ्यावरून सगळा कायदा मोजू नका. रुआंसारख्या शहरात एकतर्फी अर्ज करणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. त्या कुठल्या उमरावाघरच्या? टाकलेल्या, मार खाल्लेल्या, हातावर पोट असलेल्या.

रानजाई:
मग हे टिकलं किती?

केशर:
नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनं स्वभावाचं कारण काढून टाकलं. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र त्यानं रखेल राहत्या घरातच आणून ठेवली, हे सिद्ध करावं लागे. हे वाचताना आजही संताप येतो. राजेशाही परतल्यावर १८१६ मध्ये घटस्फोटच बंद झाला. तो पुन्हा मिळाला १८८४ ला. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी दावा लावला होता.