फोन वापरात नसतानाही गरम राहतो: बॅकग्राउंडची अ‍ॅप्स आणि बॅटरीचे आयुष्य

मूळ प्रश्न

गेल्या काही आठवड्यांपासून माझा फोन टेबलावर नुसता पडून असला तरी हाताला चांगलाच कोमट लागतो, आणि रात्री चार्जरवरून काढून ठेवला तर सकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते. स्क्रीन बंद असते, गाणे किंवा कॉल काहीही चालू नसते. बॅकग्राउंडला चालणाऱ्या अ‍ॅप्समुळे असे होत असावे अशा समजुतीने मी दिवसातून अनेकदा अलीकडील अ‍ॅप्सची यादी उघडून सगळी अ‍ॅप्स वर सरकवून काढून टाकतो, पण त्याने फारसा फरक पडलेला नाही. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यादीतून काढलेले अ‍ॅप खरोखर थांबते का? आणि ही उष्णता केवळ त्या दिवसापुरती बॅटरी खाते, की बॅटरीच्या एकूण आयुष्यातूनही काही कायमचे वजा करते?

प्रतिसाद १

आपण अलीकडे काय काय उघडले होते, एवढेच ती यादी सांगते. या क्षणी काय चालू आहे ते तिच्यावरून कळत नाही. यादीत दिसणारी बहुतेक अ‍ॅप्स रॅममध्ये गोठवून ठेवलेली असतात आणि त्यांना प्रोसेसरचा वेळ मिळत नाही. रॅम भरलेली असो वा रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच असते. उलट, वारंवार लागणारे अ‍ॅप काढून टाकले, तर पुढच्या वेळी ते मुळापासून उभे करावे लागते आणि त्यात प्रोसेसरला जास्त काम पडते. दुसरीकडे, ज्या अ‍ॅपची सेवा सूचनापट्टीत कायम सूचना दाखवत चालू असते, ते यादीतून काढल्यावरही काम करत राहू शकते. अँड्रॉइडवर अ‍ॅप पुरते थांबवायचे असेल तर सेटिंग्जमधील ‘फोर्स स्टॉप’ वापरावे लागते. मात्र त्यानंतर आपण स्वतः ते उघडेपर्यंत त्याच्या सूचनाही येत नाहीत.

पडून असलेला फोन गरम होतो, कारण कोणीतरी त्याला झोपू देत नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला ‘वेक लॉक’ घेऊन प्रोसेसर जागा ठेवता येतो, आणि काम संपल्यावर ते लॉक सोडले गेले नाही तर स्क्रीन बंद असूनही प्रोसेसर जागाच राहतो. सतत स्थान विचारणारे अ‍ॅपही असाच खर्च करते. त्याहून दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे मोबाइल नेटवर्कचा रेडिओ. एखादा छोटासा संदेश पाठवून झाला तरी रेडिओ लगेच शांत होत नाही, पुढचे काही सेकंद तो सज्ज अवस्थेत वीज घेत राहतो. त्यामुळे दर मिनिटाला थोडा थोडा डेटा पाठवणारे अ‍ॅप तोच डेटा एकदम पाठवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी महाग पडते. सिग्नल क्षीण असेल तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी रेडिओला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते, आणि तोच खर्च आणखी वाढतो.

हे प्रकार आवरण्यासाठीच अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, पडून असलेल्या फोनमधील अ‍ॅप्सची बॅकग्राउंडची कामे रोखून धरणारी ‘डोझ’ ही सोय आली, २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये बॅकग्राउंड सेवांवर आणि स्थान विचारण्यावर मर्यादा आल्या, आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने अ‍ॅप किती वापरले जाते त्यानुसार त्यांचे गट पाडले. तरीही एखादे अ‍ॅप निसटतेच, विशेषतः आपणच त्याला बॅटरीच्या निर्बंधांतून सूट दिली असेल तर. म्हणून सगळी यादी रिकामी करत बसण्याऐवजी सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर जावे आणि कोणत्या अ‍ॅपचा बॅकग्राउंडमधील वेळ त्याच्या स्क्रीनवरील वेळेच्या मानाने अवाजवी आहे ते पाहावे. आयफोनवरही ही विभागणी अ‍ॅपनिहाय दिसते.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही नुकसाने होतात, आणि ती वेगळी समजून घ्यावीत.

फोनच्या बॅटरीतील लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आतल्या द्रावणाच्या, विघटनातून एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आवश्यकच असतो, पण तो जाड होत जातो तसतसे वापरण्याजोगे लिथियम त्यात अडकून पडते आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा आतला अडथळा, वाढतो. तापमान जितके जास्त, तितकी ही प्रक्रिया वेगवान. सेल पूर्ण भरलेला असताना त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) कमाल असतो आणि तेव्हाही ऱ्हास वाढतो, त्यामुळे ‘गरम’ आणि ‘शंभर टक्के भरलेला’ या दोन अवस्था एकत्र आल्या की सेल सर्वाधिक झिजतो. अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस परिसर-तापमानात वापरावेत असे सांगते.

दुसरे नुकसान आवर्तनांचे आहे. एकूण शंभर टक्के ऊर्जा खर्च झाली की एक आवर्तन मोजले जाते, मग ती एका दिवसात खर्च होवो वा चार दिवसांत. बॅकग्राउंडचे एखादे अ‍ॅप रोज २० टक्के जादा खात असेल, तर पाच दिवसांत एक आणि वर्षात ७३ आवर्तने आपण काहीही न वापरता संपतात. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी रचना आहे, आयफोन १५ मालिकेसाठी हा आकडा १,००० आहे, आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी किमान ८०० आवर्तनांची अट घातली आहे. या आकड्यांच्या शेजारी ७३ ठेवून पाहिले, तर ही गळती किरकोळ नाही हे लक्षात येईल.

मूळ प्रश्नकर्ता

बॅटरीचे पान पाहिले. फोटोंचा बॅकअप घेणारे एक अ‍ॅप स्क्रीनवर जेमतेम दोन मिनिटे आणि बॅकग्राउंडमध्ये कित्येक तास असे दिसले. ते उघडल्यावर कारणही सापडले: एक मोठा व्हिडिओ मोबाइल डेटावर अपलोड होत होता, शेवटाजवळ पोहोचून तुटत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. तो व्हिडिओ बॅकअपमधून वगळला, मोबाइल डेटाची परवानगी काढली, आणि आता पडून असलेला फोन थंड राहतो. बॅकअप रात्री, चार्जिंग चालू असताना व्हावा अशी निवड केली आहे. ती योग्य आहे ना?

प्रतिसाद ३

निवड योग्य आहे, पण तिला एक जोड हवी. फोन चार्जरला लावलेला असताना डोझ लागू होत नाही, आणि अनेक अ‍ॅप्स आपली जड कामे नेमकी त्याच वेळेसाठी राखून ठेवतात. चार्जिंगची स्वतःची उष्णता, त्यात प्रोसेसर आणि रेडिओची उष्णता, आणि त्याच वेळी सेल भरत चाललेला, अशी वर सांगितलेली वाईट जोडी रोज रात्री आपोआप जुळून येते. उशीखाली किंवा जाड कव्हरमध्ये फोन असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. त्यामुळे चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी, वायरलेस चार्जिंगमध्ये उष्णता जास्त होत असल्याने बॅकअपच्या रात्री केबल वापरावी, आणि फोन कव्हरमधून काढून सपाट, उघड्या जागी ठेवावा.

गरम झालेला फोन थंड करण्यासाठी काहीजण फ्रीजमध्ये ठेवतात, ते कृपया करू नये. आत बाष्प साचू शकते.

मूळ प्रश्नकर्ता

मर्यादा ८० वर ठेवली. बॅटरीची क्षमता आता ८६ टक्के दाखवते; कारण दूर झाल्यावर ती पुन्हा वाढेल का?

प्रतिसाद २

नाही. थरात अडकलेले लिथियम परत मिळत नाही. आकडा एखाद्या टक्क्याने वरखाली होईल, कारण तो फोनने बांधलेला अंदाज असतो आणि तो अंदाज अधूनमधून सुधारला जातो. ८६ टक्क्यांवर फोन व्यवस्थित चालतो, बॅटरी आताच बदलण्याची गरज नाही. चार्ज शिल्लक दिसत असताना फोन अचानक बंद पडू लागला, तर रोध फार वाढला आहे असे समजून ती बदलावी. आणि फोनची पाठ किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली, तर सेल फुगलेला असू शकतो, तेव्हा फोन पुन्हा चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीसाठी न्यावा.