बाबा रात्रभर झोपत नाहीत, झोपेची कुठली गोळी चालेल? (अर्जंट)

रात्रपाळी
मोठं लिहायला वेळ नाहीये, पहाटेचे साडेचार वाजलेत आणि बाबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय. सलग चौथी रात्र. दर वीस मिनिटांनी उठतात, कपाटाचं दार उघडून नुसते उभे राहतात, पायजम्याची नाडी सोडतात, परत बांधतात, परत सोडतात. काल म्हणाले खुर्चीवर तो माणूस कधीचा बसलाय, त्याला जायला सांग. खुर्चीवर टॉवेल होता. दिवसभर पेंगतात आणि मला आठला लॉगिन करायचं असतं. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय, तोवर सवय न लागणारी एखादी सौम्य गोळी सांगा. 'सेवा करायला मिळतेय, भाग्यवान आहात' हे कृपया नको, ऐकून झालंय.

उंबरठा
वय? आजार कोणते? घरात अजून कोण आहे? गोळी अशी कशी सांगणार कोणी.

लवकर_निजे
गोळीबिळी काही नको. दुपारी झोपू देऊ नका. माझ्या सासऱ्यांना मी दुपारी सक्तीने खुर्चीत बसवायचो, सकाळी उन्हात अर्धा तास, संध्याकाळनंतर चहाकॉफी बंद. पंधरा दिवसांत गाडी रुळावर.

रात्रपाळी
वय ८१. बीपीची एक गोळी, प्रोस्टेटची एक, बस. घरात मी आणि बाबा. भाऊ लांब असतो, व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो 'छान दिसतायत की'. त्या पाच मिनिटांत खरंच छान दिसतात हो, हसतात, त्याच्या मुलांची चौकशी करतात, आणि फोन ठेवला की मला विचारतात आई कुठे गेली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. ओळखीतले सगळे म्हणतायत स्मृतिभ्रंश सुरू झाला, आता सवय करून घे. पंधरा दिवस माझ्याकडे नाहीत, मला आजची रात्र काढायचीय.

मोकळा_श्वास
मदतनीस ठेवा रात्रीपुरता. मी दोन वर्षं उशीर केला, तोवर माझीच पाठ गेली. शेवटी आईला देखभाल केंद्रात ठेवलं आणि आमच्या दोघींचं भांडण थांबलं.

जुनं_वळण
ज्यांनी बोट धरून चालवलं त्यांना परक्यांच्या हाती द्यायचं? आमच्या घरी आई शेवटपर्यंत घरातच होती, कधी जड झाली नाही.

मोकळा_श्वास
रात्री कोण उठायचं तुमच्या घरी?

जुनं_वळण
मिसेस उठायची. मुद्दा तो नाहीये.

मोकळा_श्वास
मुद्दा तोच आहे. मिसेसना लिहायला सांगा इथे, त्यांचं मत वाचायला आवडेल.

जुनी_सिस्टर
तुमची भांडणं दुसऱ्या धाग्यावर न्या. रात्रपाळी, एकच सांगा, हे हळूहळू वाढत आलं की एकदम? मागच्या आठवड्यात बाबा कसे होते? मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, उगाच विचारत नाहीये.

रात्रपाळी
एकदम म्हणजे, मागच्या रविवारी पेपरातलं शब्दकोडं त्यांनी सोडवलं, मला दोन शब्द अडले ते त्यांनीच सांगितले. म्हणजे तेव्हा ठीकच होते म्हणायचे. असं मोजून बघितलंच नव्हतं मी.

जुनी_सिस्टर
मग सवयबिवय काही करून घेऊ नका. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, रविवारी शब्दकोडं आणि बुधवारी खुर्चीवर माणूस असा येत नाही. चार दिवसांत माणूस असा भरकटला, त्यातही मधेच शुद्धीवर मधेच भ्रमात, दिवसा पेंगणं रात्री जागणं, तर त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. जंतुसंसर्ग, सोडियम खाली जाणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध, पडून डोक्याला लागणं. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं. झोपेच्या गोळीने हे अजून बिघडतं, वर तोल जाऊन पडतील ते वेगळंच. पडले होते का? पोट साफ होतंय का? आणि सोमवारपर्यंत थांबू नका, आज दाखवा.

रंधा
बाथरूमचं दार आत उघडतं का बाहेर? आत असेल तर बदलून घ्या. माणूस आत पडला की दाराला आडवा होतो आणि दार ढकलता येत नाही. शेवटी तोडायला लागतं. मी दोन तोडलीत.

लवकर_निजे
दुपारच्या झोपेचं उत्तर दिलं नाही तुम्ही.

रात्रपाळी
पडले नाहीत. पोट तीन-चार दिवस नीट नाही पण सर्दीने जेवणच कमी होतं. बाथरूमला सारखे जातात पण ते जुनंच आहे, प्रोस्टेटमुळे. @रंधा आत उघडतं.

खलबत्ता
सर्दी? सर्दीला काय दिलंत? काउंटरवर बसतो, म्हणून विचारतोय.

रात्रपाळी
नेहमीची, दुकानात मिळते ती. दिवसातून तीन, गेले पाच दिवस. ते काय औषध थोडीच आहे.

खलबत्ता
पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. क्लोरफेनिरामिन आहे का? आणि फेनिलेफ्रिन?

रात्रपाळी
दोन्ही आहेत.

खलबत्ता
आत्ता बंद करा, पुढची देऊ नका. बाकीच्या दोन गोळ्यांना मात्र हात लावू नका. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, १९९१ ची गोष्ट, ती अजून सुधारून वापरतात. क्लोरफेनिरामिन त्यात बसतं. जवानाला नुसती गुंगी येते, ऐंशीच्या माणसाला भ्रम होऊ शकतो. आणि प्रोस्टेट मोठं असेल तर या दोन्हींनी लघवी तुंबते, एक मूत्राशय ढिलं पाडतं आणि दुसरं तोंड आवळतं. सारखे जातात म्हणालात, पण होते किती?

रात्रपाळी
ते मला कसं माहीत असणार, दार लावून घेतात. मुलीला कसं सांगतील, आणि मी तरी कसं विचारू.

जुनी_सिस्टर
भावाला फोन लावून द्या बाबांच्या हातात आणि तुम्ही खोलीबाहेर जा. त्याला म्हणावं 'छान दिसतायत' पुरे, एवढंच विचार. आणि बेंबीखाली हात ठेवून बघू दे त्यांना स्वतःला, फुगीर, घट्ट लागतंय का. लागत असेल तर तडक कॅज्युअल्टी.

जुनं_वळण
आमच्या वेळी ही असली दुखणी नव्हती.

उंबरठा
होती हो. 'म्हातारचळ' म्हणून सोडून द्यायचे.

रात्रपाळी
कालचं लिहिते, घरी आलोय. भावाने विचारलं. बाबा म्हणाले दोन दिवस थेंब थेंबच होतेय, तिला सांगू नकोस, तिला कामं असतात. कॅज्युअल्टीत नळी घातली तर अकराशे मिली निघालं. तिथली नर्स म्हणाली साधारण चारशे-पाचशेला माणसाला थांबवत नाही. पिशवी भरत असताना बाबांनी डोळे मिटून घेतले आणि मग तिथेच, त्या गोंगाटात, घोरायला लागले. मी चार रात्री त्यांचा हात ओढून पलंगावर बसवत होते, आत्ताच जाऊन आलात ना, बसा गप्प. परवा तर ओरडले. ते नाडी सोडत होते ना, ते खेळत नव्हते.

रक्ताचे रिपोर्ट यायचेत, नळी काही दिवस राहील. माणूस अजून दिसतो संध्याकाळी, पण डॉक्टर म्हणाले उतरायला दिवस लागतील, कधी आठवडेही.

जुनी_सिस्टर
चष्मा लावून ठेवा, समोर मोठं घड्याळ, रात्री मंद दिवा. माणूस दिसला तर वाद घालू नका, टॉवेल उचला खुर्चीवरचा. आणि नळी ओढू नयेत म्हणून लक्ष ठेवा. आज तरी भावाला बोलावून घ्या, दोन रात्री तो जागेल आणि तुम्ही झोपाल.

रात्रपाळी
निघालाय तो. टॉवेल उचलला.

मोकळा_श्वास
ओरडल्याचं मनाला लावून घेऊ नका. मी आईला त्याहून वाईट बोललेय.

रंधा
दाराचं बघा मात्र. बिजागरी बाहेरून, आणि बाहेरून उघडता येईल अशी कडी.

निवांत_७
आत्ताच धागा बघितला. झोप येत नसेल तर सर्दीची साधी गोळी देऊन बघा की, मला एकात ढाराढूर लागते. काही साइड इफेक्ट नाही.

खलबत्ता
अहो, वरचं वाचा.