पऱ्हाटीवर (कपाशीवर) अभिषेकाचं तेल, हे बायबलात हाय का?

मी यवतमाळ जिल्ह्यातला. मायनं प्रार्थना सभेतून ३०० रुपयाची तेलाची बाटली आणली, वास घेतला तं सरळ खोबरेल. बोंडअळी जाईल म्हणून वावराच्या चारही कोपऱ्यात शिंपडलं, आन वरून बीपीची गोळी बंद, विश्वास कमी पडते म्हणे!! कसं समजावू?

उत्तर १
भाऊ, याकोब ५:१४ मधी तेल हाय, पण तिथं मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याले तेल लावून प्रार्थना करायची हाय, बाटली विकायची नाही. प्रेषितांची कृत्ये ८ वाच, शिमोन जादूगार पवित्र आत्म्याची शक्ती विकत घ्यायले पैसे घेऊन आला तं पेत्रानं कसा झापला त्याले.

उत्तर २
मायशी भांडू नको दादा. माझ्या सासूबाईनं दारावरचं लिंबू-मिरची काढून क्रूस लावला, आता नजर लागत नाही म्हणतात, म्हंजे लिंबू गेलं, नजर राहिलीच 😀 मी त्यायले २ राजे १८:४ वाचून दाखवलं, मोशेनंच बनवलेला पितळी साप, पण लोक त्याले धूप जाळायले लागले म्हणून हिज्कीया राजानं फोडून टाकला. दोन दिवस बोलल्या नाहीत.

उत्तर ३
आधी गोळी चालू कर बाप्पा, बाकी मंग. अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग अडकवणारे) लाव. आन २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्याच धर्मांले लागू हाय.

मूळ प्रश्नकर्ता
शुभवर्तमान लिहिणारा लूक डॉक्टर होता ना, बायबलात कलस्सै ४:१४, तेच मायले दाखवलं. आज गोळी घेतली. बाटली देवळीतच हाय अजून.