पासवर्ड कसे करता, कुठे ठेवता? अनुभव लिहा

सायली_के
कपाट आवरताना बाबांची डायरी हाती लागली. मागच्या पानावर ईमेल, वीजबिल, गॅस, सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्या तिरक्या अक्षरात, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक बारीक फुली. फुलीच्या जागी काय घालायचं ते फक्त आईला तोंडपाठ, कुठेही लिहिलेलं नाही. बाबा गेल्यावर आईनेच ईमेल उघडून विम्याचे कागद काढले. डायरी कुणी पळवली असती तरी उपयोग शून्य. तुमच्याकडे काय पद्धत?

मंदार_पुणे
हापिसात दर ९० दिवसांनी बदलायला लावतात. मग काय, सगळे शेवटचा आकडा एकाने वाढवतात! अमेरिकेच्या एनआयएसटीने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच सांगितलंय, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, लांब ठेवू द्या. चीड येते.

गौरीची_आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सापशिडीचा फासा पाच वेळा टाकायचा, पाच आकडे ओळीने लिहून होईल त्या संख्येसमोरचा शब्द डाइसवेअर नावाच्या तयार यादीतून घ्यायचा. यादीत ७७७६ शब्द आहेत. असे सहा शब्द मिळून एक पासवर्ड. आपल्या मनाने निवडायचे नाहीत हं, मनात मुलांची नावं नि देवच येतात. लेक फासा टाकते, मी लिहिते. शिट्टी झाली, येते नंतर

अबोली
सायली, वाचून भरून आलं गं. काकूंना नमस्कार सांग. आमचे आजोबा हिशेब मोडीत लिहायचे, आता घरात कुणालाच वाचता येत नाही.

मंदार_पुणे
@अबोली मोडीत पासवर्ड! चोराला आधी क्लास लावावा लागेल 😀

अबोली
😀 ठाण्यात कुणी शिकवतं का मोडी? खरंच विचारतेय

दर्यावर्दी
जहाजावर नेट असेलच असं नाही, म्हणून कीपास, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद फाईलमध्ये ठेवणारा प्रोग्राम. फाईल आपल्याच लॅपटॉपवर, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. मेहुण्याचा एका खरेदीच्या साईटवरून फुटला, तोच ईमेलला होता. रात्रीत ईमेल गेला, त्यावरून बाकीची खाती. कीपासचा मुख्य पासवर्ड विसरलात तर मात्र कुणीही उघडून देत नाही. माझा बंद पाकिटात, बायकोच्या लॉकरमध्ये.

गौरीची_आई
@दर्यावर्दी आणि लॅपटॉपच बिघडला तर?

दर्यावर्दी
फाईलची दुसरी प्रत पेनड्राईव्हवर, भावाकडे रत्नागिरीला. सुट्टीत गेलो की नवी टाकतो.